रहमान ऐकताना फैज फझल का आठवतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ए. आर. रहमानच्या अल्बमविषयी बोलणे निघाले की मी मध्येच विदर्भाच्या क्रिकेटपटूंची नावे घेऊ लागतो, आणि ऐकणारा गोंधळतो. ‘रोजा’ म्हणजे उमेश यादव, ‘रंगीला’ म्हणजे रजनीश गुरबानी, ‘जोधा अकबर’ म्हणजे वसीम जाफर आणि ‘स्वदेस’ म्हणजे फैज फझल, अशी माझी वाटणी ठरलेली आहे. घरातली मुले सरळ म्हणतात, “काका, गाण्यात बॅट-बॉल काहून आणता?” बाहेरचे लोक तोच प्रश्न अधिक सभ्यपणे विचारतात: रहमानचा सर्वोत्तम अल्बम कोणता, एवढेच सांगायचे असताना हा वळसा कशासाठी?

वळसा यासाठी की ‘सर्वोत्तम’ ठरवण्याचे माप आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात कधी तयार झालेच नाही; ते नेहमी मुंबईहून आले. चित्रपटसंगीत म्हणजे मुंबईचे आणि क्रिकेट म्हणजेही मुंबईचेच. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी करंडकात खेळत होता, पण त्यातली बरीच वर्षे खालच्या गटात गेली, आणि आमच्या गावातली पोट्टीदेखील टेनिस बॉलवर खेळताना स्वतःला मुंबईच्या फलंदाजांची नावे देत. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला एखादी गोष्ट उशिरा पोहोचणे, आडवाटेने पोहोचणे आणि तरीही टिकणे याचे अप्रूप अधिक असते. रहमान माझ्यापर्यंत तसा पोहोचला आणि विदर्भाचा संघही तसाच. म्हणून एकाचे मोजमाप करताना दुसरा आपोआप हाताशी येतो.

‘रोजा’ 15 ऑगस्ट 1992 रोजी तमिळमध्ये प्रदर्शित झाला. आमच्याकडे आली ती त्याची हिंदी कॅसेट. तमिळ चालींवर मागाहून बसवलेले तिच्यातले हिंदी शब्द काही ठिकाणी चक्क अवघडून बसलेले आहेत, हे आज ऐकतानाही जाणवते. पण त्या कॅसेटमधला नाद आम्ही आधी ऐकलेला नव्हता. वाद्ये एकमेकांवर रचून गर्दी करण्याऐवजी प्रत्येकाला जागा दिलेली होती, आणि स्वस्तातल्या टेपरेकॉर्डरवरही तळातला बास वेगळा ओळखू येत होता. हे काम चेन्नईत घराच्या आवारात स्टुडिओ उभारून जाहिरातींच्या जिंगल करणाऱ्या पंचविशीतल्या मुलाचे होते, आणि पहिल्याच चित्रपटासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता उमेश यादव पाहा. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत त्याचे वडील कामाला होते. कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातले. हा मुलगा विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळला. लेदरचा चेंडू हातात आल्यानंतर 2008 मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीत उतरला. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. टेनिस बॉलवरचे षटक आणि तीस सेकंदांची जिंगल यांत मला एकच शाळा दिसते: वेळ थोडा, मागे कोणी नाही, आणि ऐकणाऱ्याचे वा पाहणाऱ्याचे लक्ष पहिल्या क्षणातच खेचून घ्यायचे. त्या शाळेचे दोषही दोघांत आहेत. सुरुवातीचा उमेश पायांच्या दिशेने भरकटत असे आणि धावा देत असे, जसे ‘रोजा’चे हिंदी शब्द भरकटतात. पण चेंडू ताशी 140 किलोमीटरच्या पुढे जात होता, आणि विदर्भातून कोणी असे करू शकतो ही गोष्टच नवी होती. पुढे 2015 च्या विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक, म्हणजे 18 बळी त्याने घेतले, आणि 57 कसोटींत 170 बळींपर्यंत मजल मारली. ‘रोजा’ रहमानचा सर्वांत परिपूर्ण अल्बम आहे असे मी म्हणणार नाही. दार उघडणाऱ्याकडून आपण चौकट गुळगुळीत असण्याची अपेक्षा करू नये, एवढेच.

‘रंगीला’बद्दल फार बोलावे लागत नाही, कारण तो स्वतःच बोलतो. 1995 चा हा अल्बम म्हणजे रहमानने मूळ हिंदी चित्रपटासाठी केलेले पहिले काम, आणि त्यात आशा भोसले बासष्टीच्या घरात असताना ज्या तडफेने गायल्या आहेत ती ऐकून आजही मान डोलते. गुरबानीचे 2017-18 चे रणजी सत्र असेच एका झपाट्याचे. शिक्षणाने स्थापत्य अभियंता असलेल्या या गोलंदाजाने कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाच्या दुसऱ्या डावात 68 धावांत 7 बळी घेतले आणि विदर्भ 5 धावांनी जिंकला. त्यानंतर इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक केली, आणि तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती केवळ दुसरी हॅटट्रिक होती. त्या तिघांतला शेवटचा, शतकवीर ध्रुव शोरी, पुढे विदर्भाकडूनच खेळायला आला, हा त्यातला गमतीचा भाग.

मध्ये एक खुलासा करतो, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘लगान’ कुठे? तो अल्बम मी मुद्दाम बाहेर ठेवतो. खुद्द क्रिकेटवरच्या चित्रपटाला क्रिकेटपटू जोडून देणे म्हणजे उत्तर समोर ठेवून गणित सोडवणे.

वसीम जाफर विदर्भाचा नाही, अशी हरकत काही जण घेतात, आणि जन्माच्या दाखल्यापुरती ती खरी आहे. तो मुंबईचा, 2015-16 मध्ये आमच्याकडे आला तेव्हा त्याचे बहुतेक सगळे मिळवून झाले होते. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. मुंबईच्या मापातून सुटण्यासाठी विदर्भाला मुंबईचीच दोन माणसे लागली, हे मला मान्य करावेच लागते, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला विदर्भाच्या पहिल्या रणजी विजेतेपदाचा चौकार जाफरच्याच बॅटमधून गेला. त्यानंतर रणजी विजेता आणि शेष भारत यांच्यातल्या इराणी करंडकात त्याने नागपुरात 286 धावा केल्या. आणि 2018-19 च्या सत्रात 1037 धावा जमवून विदर्भाच्या दुसऱ्या रणजी विजेतेपदात मोठा वाटा उचलला. ते विजेतेपद मिळाले तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होण्यास काही दिवसच उरले होते. ‘जोधा अकबर’ फेब्रुवारी 2008 मध्ये आला तेव्हा रहमानही एक्केचाळीस वर्षांचा होता. वयाचा हा योगायोग मला नंतर लक्षात आला; जोडी आधीच जमलेली होती. त्या अल्बममध्ये कोणालाही कसलीही घाई नाही. ‘ख्वाजा मेरे ख्वाजा’मध्ये रहमान स्वतः गातो, आणि तालवाद्ये आवाज न चढवता त्याच्याबरोबर चालत राहतात. जाफर खेळत असताना क्षेत्ररक्षकही असेच सावकाश चालताना दिसत, कारण चेंडू सीमेपार गेलेला असे आणि धावण्यात अर्थ नसे. अशी सहजता तरुणपणी येत नाही, निदान अशी पिकून येत नाही.

अमरावतीच्या जितेश शर्माचे नाव मी ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला जोडतो तेव्हा आमच्या जिल्ह्यातली माणसे थोडी दुखावतात. त्यांना वाटते, मी कमी लेखतो आहे. तसे नाही. फेब्रुवारी 2009 मध्ये त्या अल्बमने रहमानला दोन ऑस्कर मिळवून दिली आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते त्यांनी ते पाठ केले. त्याचे जुने श्रोते मात्र एकमेकांना सांगत होते की याहून चांगले काम त्याने किती तरी आधी करून ठेवले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. 27 मे 2025 रोजी आयपीएलमध्ये, लखनौला, बंगळुरूचा प्रभारी कर्णधार म्हणून जितेशने 33 चेंडूंत नाबाद 85 धावा ठोकल्या, त्या रात्री अमरावतीचे नाव देशभर गेले. एका रात्रीत मिळणाऱ्या प्रसिद्धीला नाके मुरडणे शहरातल्या रसिकांना परवडते. ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रात केवळ नापिकीच्या बातमीतच येते, तिथल्या मुलांना ती रात्र फार उपयोगाची असते.

तरीही, मला एकच अल्बम ठेवून बाकीचे सोडायला सांगितले तर मी ‘स्वदेस’ ठेवीन, आणि याचे कारण फैज फझलवाचून मला सांगता येत नाही.

डिसेंबर 2004 मध्ये आलेला तो चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही, आणि त्याच्याबरोबर त्याचे संगीतही मागे पडले. ‘ये तारा वो तारा’साठी उदित नारायण यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पार्श्वसंगीतासाठी रहमानला फिल्मफेअर मिळाले, पण लग्नाच्या बँडवाल्यांनी जसा रहमानचाच ‘ताल’ उचलला तसा ‘स्वदेस’ कोणी उचलला नाही. चित्रपटातले गाव उत्तर प्रदेशातले म्हणून दाखवले असले तरी चित्रीकरण साताऱ्याकडे, वाईजवळच्या मेणवलीला झाले आहे. त्यातला विजेचा प्रश्न मात्र आमचा होता. कोळसा आमच्या भागातून निघायचा, कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरला त्याची वीज व्हायची, आणि आमच्या गावात रात्र-रात्र भारनियमन असायचे. ज्या अल्बमच्या कथेत एक गाव ओढ्याच्या पाण्यावर स्वतःची वीज तयार करते, तो आम्ही सेल घातलेल्या टेपरेकॉर्डरवर ऐकला. ‘ये जो देस है तेरा’ त्या काळोखात ऐकणाऱ्याला त्या गाण्यातली देशभक्ती घोषणेसारखी वाटत नाही; परतायचे की नाही हे न ठरलेल्या माणसाची ती अस्वस्थता आहे, आणि रहमानने ती स्वतःच्या, किंचित कातर आवाजात ठेवली आहे. सराईत गायकाने ते अधिक सफाईने गायले असते, आणि मला वाटते, त्यातले काही तरी निसटले असते.

फैज फझल नागपूरचा डावखुरा सलामीवीर. भारतासाठी तो एकच एकदिवसीय सामना खेळला, 15 जून 2016 रोजी हरारेला झिम्बाब्वेविरुद्ध, आणि त्यात नाबाद 55 धावा केल्या. भारत दहा गडी राखून जिंकला. त्यानंतर त्याला पुन्हा कधीच बोलावणे आले नाही. तो एकदाही बाद झाला नसल्यामुळे त्याची एकदिवसीय सरासरी काढताच येत नाही. भागायला शून्य आहे. संत्र्याच्या बागेला बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून ताण देतात, पण ताण किती द्यायचा याला मर्यादा असते आणि ती ओलांडली की फुलाऐवजी फांदी वाळते. फझलला निवड समित्यांनी दिलेला ताण त्या मर्यादेच्या कितीतरी पुढचा होता. तरीही 2017-18 मध्ये कर्णधार म्हणून 912 धावा करून त्याने विदर्भाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला, पुढच्या वर्षी दुसरा, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नागपुरातच निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर प्रथम श्रेणीच्या नऊ हजारांहून अधिक धावा होत्या. या धावांपैकी बहुतेक रिकाम्या स्टँडसमोर काढलेल्या आहेत. ‘स्वदेस’मधली शहनाई मला नेमकी त्या रिकाम्या स्टँडसमोरच्या सकाळच्या सत्रासारखी ऐकू येते: नवा चेंडू, थंडी, टाळ्या वाजवायला कोणी नाही, आणि समोरचा माणूस आपले काम चोख करतो आहे.

खेळाडूला धावा आणि बळी असतात, संगीताला काय असते, असे मला एका शिक्षक मित्राने विचारले होते. माझे म्हणणे एवढेच की फझलच्या बाबतीत आकडेही अखेरीस काही सिद्ध करू शकले नाहीत. त्याला मानायचे तर त्याचा एखादा डाव सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून पाहावा लागतो. रहमानचे अल्बमही पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाहीत, हे त्याचे कट्टर विरोधकसुद्धा कबूल करतात.

नव्या मुलांची वाटणी अजून व्हायची आहे. 2024-25 च्या सत्रात हर्ष दुबेने 69 बळी घेऊन रणजीच्या एका सत्रातला विक्रम केला, आणि नागपूरजवळच्या जामठ्याच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध दानिश मालेवारने पहिल्या डावात 153 धावा केल्या. विदर्भाचा तो तिसरा करंडक. दानिशसाठी मी अल्बम शोधत नाही, त्याला आणखी दोन-तीन सत्रे खेळू द्या. हर्षसाठी मात्र ‘रॉकस्टार’ की ‘गुरु’ यावर आमच्या घरात वाद चालू आहे. मी ‘गुरु’च्या बाजूने आहे, मुले ‘रॉकस्टार’च्या, आणि सध्या त्यांचे संख्याबळ जास्त आहे.