माशीचं नाव शोधता शोधता सात आठवडे पंखावर अडकले

गोव्यात वाळपईजवळ मामीचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. गणेश चवथीला गेले होते तेव्हा तुळशीच्या मंजिऱ्यांसमोर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं काहीतरी हवेत एका जागी थांबलेलं दिसलं. मामी म्हणाली, मधमाशी गो ती, हात लावू नको. मी फोटो काढून झूम केला तर पंख दोनच, मधमाशीला चार असतात, आणि मिशा अगदी आखूड. म्हणजे माशीच. हे पाच मिनिटांत कळलं.

पुढचे सात आठवडे मात्र वाया गेले. ओळख सांगणाऱ्या अॅपने आधी मधमाशी सांगितली, मग युरोपातल्या कुठल्यातरी माशीचं नाव दिलं. जाणकारांना फोटो पाठवले तर उत्तर आलं, हॉवरफ्लाय, म्हणजे हवेत एका जागी थांबणारी माशी, सिर्फिडी कुळ. बस्स, त्यापुढे नेमकं नाव नाही. मी रोज उघडून बघायचे, काही नाही. चाळीस फोटो होते माझ्याकडे, सगळे पाठीचे, पट्टे स्वच्छ दिसणारे, आणि तरी कोणी पुढे सांगत का नाही ह्याचा मला खरंच राग यायचा. शेवटी एकाने विचारलं, पंखाच्या शिरा दिसतील असा एखादा आहे का? अहो, मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं! पट्टे कितीतरी जातींचे सारखे असतात, मधमाशी किंवा गांधीलमाशी समजून पक्ष्यांनी सोडून द्यावं म्हणून. खरी ओळख शिरांत असते. हॉवरफ्लायच्या पंखात मधोमध एक खोटी शीर असते, नुसती घडी पडल्यासारखी, बहुतेक वेळा कशालाच न जोडलेली. आणि माझ्या माशीच्या गटात पुढच्या बाजूची एक शीर मध्येच खाली खोल वाकते.

पण तो फोटो मिळवायला चार रविवार गेले. दुपारी जाऊ नका, उन्हात ती एक क्षण स्थिर बसत नाही. सकाळी दव असताना पानावर पंख पसरून ऊन खात बसते, तेव्हा मोबाईल बर्स्टवर (एका दमात अनेक फोटो) ठेवून बाजूने आणि वरून दोन्ही काढा. आणि हो, डोळ्यांचा फोटो आधी घ्या, हे मला फार उशिरा सुचलं. माझ्या माशीच्या डोळ्यांवर बारीक काळे ठिपके निघाले! वाकडी शीर आणि ठिपक्यांचे डोळे एकत्र बघितल्यावर उत्तर एका दिवसात आलं, एरिस्टॅलिनस, म्हणजे कुळाच्या आतला छोटा गट (जीनस). मी ओरडलेच, मामी धावत आली.

ह्या गटातल्या माश्यांच्या अळ्या घाण पाण्यात वाढतात, मागे लांब शेपटीसारखी श्वासाची नळी असते. मामीच्या गोठ्यामागच्या शेणपाण्याच्या खड्ड्यात तशाच वळवळताना दिसल्या, त्याच जातीच्या का ते सांगता येणार नाही.

गटातली नेमकी जात अजून ठरलेली नाही. चेहऱ्याचा समोरून फोटो मागितलाय, येत्या रविवारी सकाळी सातला परत जातेय.