डोळा लागता लागता चुकणारी पायरी

मंगळवार, रात्री साडेदहा

डोळा लागत असतो आणि जिना उतरताना पायरी चुकावी तसं होतं. पाय उडतो, काळजात धस्स होतं, छाती धडधडते. शेजारचं माणूस विचारतं, "काय झालं?" सांगायला काही उरलेलंच नसतं. स्नायू आकसतो तो जेमतेम 75 ते 250 मिलिसेकंद. प्रश्न येईपर्यंत प्रकार आटोपलेला असतो.

याचं वैद्यकीय नाव हिप्निक जर्क. साधारण 60 ते 70 टक्के लोकांना तो आयुष्यात कधी ना कधी येतो. इयान ऑसवॉल्ड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने 1959 सालीच 'ब्रेन' या नियतकालिकात यावर निबंध लिहिला होता. तरी अजूनही पहिली शंका फिट्सचीच येते.

झटका येतो तो झोपेच्या पहिल्या टप्प्यात. हा टप्पा एक ते सात मिनिटांचा. मेंदूच्या आलेखातल्या सेकंदाला 8 ते 13 वेळा येणाऱ्या अल्फा लहरी विरतात, 4 ते 7 च्या संथ थीटा लहरी दिसू लागतात, स्नायू सैलावतात. जाग सांभाळणारी यंत्रणा मेंदूच्या देठात, झोप आणणारी हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात. शिफ्ट बदलताना असं होतं ना, की एक माणूस उठून गेलाय आणि दुसऱ्याने अजून खुर्ची धरलेली नाही? तेवढ्या फटीत देठातून एखादा भरकटलेला संदेश मणक्यातून खाली सुटतो आणि पाय उडतो, असं आजचं प्रचलित स्पष्टीकरण आहे. अंग सैल पडल्याची जाणीव आणि हा हिसका यांची अर्धवट झोपेतला मेंदू गोष्ट जुळवतो: पडलो! झाडावर झोपणाऱ्या पूर्वजांची आठवण म्हणून आपण दचकतो, ही कथा ऐकायला गोड आहे. पुरावा मात्र नाही.

लोकलमध्ये बसल्या बसल्या मान पडते ते वेगळं. तिथे मानेचे स्नायू ढिले पडून डोकं खरोखरच खाली येतं.

बुधवार

हे झटके वाढवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: अपुरी झोप, रात्रपाळी, ताण, उशिराचा जोरदार व्यायाम, आणि चहा-कॉफी. चहाचा हिशेब लोक नेहमी चुकवतात. एका कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्यातलं निम्मं अंगातून जायला सुमारे 5 तास लागतात. संध्याकाळी 6 ला दोन कप घेतले, म्हणजे धरा 80 मिलिग्रॅम, तर 11 वाजता 40 शिल्लक. अंथरुणावर पडून अख्खा कप प्यायल्यासारखंच झालं. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना कॅफिन आणखी रेंगाळतं. कटिंग म्हणून चार वेळा घेतलेला चहाही या हिशेबात धरायचा, तो सोयीस्करपणे विसरला जातो.

एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन या गटातल्या नैराश्यावरच्या औषधांनीही काहींना झटके वाढतात. गोळी मनाने बंद करू नये; वेळ सकाळची करता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारावं.

गुरुवार

झटका किती जोराचा होता हे सगळे सांगतात. डॉक्टरला हवं असतं ते वेगळंच: कधी आला, कुठे आला, लागोपाठ किती आले. म्हणून दोन आठवडे नोंद ठेवावी. अंथरुणाला पाठ टेकल्याची वेळ, झटका झोप लागताना की मध्यरात्री की उठल्यावर, कोणता अवयव, शेवटचा चहा, आदल्या रात्रीची झोप, औषधं. लिहायचं सकाळी. रात्रीच दिवा लावून वही उघडली की उरलीसुरली झोप उडते आणि दुसऱ्या रात्री त्या थकव्यानेच झटके वाढतात. शेजारच्या माणसाने मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण केलं तर उत्तमच, पण पांघरूण बाजूला हवं आणि पूर्ण अंग दिसायला हवं.

वेळेवरून बरंच उलगडतं. झोप लागल्यानंतर दर 5 ते 90 सेकंदांनी पायाचा अंगठा आणि घोटा वर उचलला जात असेल तर ती पायांची आवर्ती हालचाल. झोपलेल्याला पत्ता नसतो, तक्रार जोडीदाराची असते. झोपण्याआधीच पायांत वळवळ, हलवल्यावर किंवा चालल्यावर आराम, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाचा साठा सांगणारं प्रथिन, तपासावं. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी निघू शकतं, आणि या तक्रारीत 75 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खालचा आकडाही लक्षात घेतला जातो. किशोरवयीन मुलाच्या हातातून सकाळी उठल्या उठल्या झटक्याने कप किंवा कंगवा उडत असेल, जागरणानंतर जास्तच, तर थांबू नये. ते अपस्माराचं, म्हणजे फिट्सच्या आजाराचं, लक्षण असू शकतं, मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं.

तान्ह्या बाळाचे हातपाय झोपेत उडतात तेव्हा घरात मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. काढू देत. बघायचं एवढंच, की बाळ जागं केल्यावर झटके थांबतात का. थांबले तर बहुधा काळजी नाही. काही महिन्यांत आपोआप जातात. हातपाय घट्ट दाबून धरू नयेत, त्याने उलट वाढू शकतात. जागेपणीही चालू राहिले, डोळे फिरले किंवा ओठ निळसर पडले तर लगेच डॉक्टर.

शुक्रवार, उशिरा

झटका आल्यावर करायचं फार थोडं. कूस बदलायची, श्वास सावकाश सोडायचा, किती वाजले ते बघायचं नाही. धडधड एक-दोन मिनिटांत उतरते. "परत येईल" म्हणून वाट बघत पडलेली माणसं तासभर जागी राहतात. वीस मिनिटांत झोप नाहीच आली तर उठून मंद उजेडात बसावं, पेंग आली की परत आडवं व्हावं. मोबाइल दुसऱ्या खोलीत.