रिकाम्या चौकोनाचा अर्थ

उत्तर समुद्रातील देवमासे, डॉल्फिन किंवा सील यांच्या वितरणाचा नकाशा समोर आला, की मी प्रथम त्यातील रिकामे चौकोन पाहतो. तिथे प्राणी नव्हते, की तिथे पाहायला कोणी गेलेच नव्हते, हे नकाशाने सांगितले पाहिजे. ब्रिटनच्या संयुक्त निसर्ग संवर्धन समितीने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या वायव्य युरोपच्या अ‍ॅटलासमध्ये हे भान राखलेले आहे. तिथे नुसत्या नोंदी न मोजता, समुद्राची स्थिती लक्षात घेऊन, निरीक्षणाच्या दर तासाला किती प्राणी दिसले हे मांडले आहे.

समुद्राच्या स्थितीला एवढे महत्त्व का, हे हार्बर पॉरपॉइज या डॉल्फिनच्या छोट्या नातलगावरून कळते. जेमतेम दीड मीटर लांबीचा हा प्राणी श्वासासाठी वर येतो तेव्हा त्याचा पाठीवरचा छोटा त्रिकोणी पर क्षणभरच दिसतो, आणि लाटांना फेस फुटू लागला की तोही नजरेतून निसटतो. म्हणून १९९४ च्या जुलैमध्ये झालेल्या ‘स्कॅन्स’ या पहिल्या मोठ्या सर्वेक्षणात जहाजांवर निरीक्षकांच्या दोन तुकड्या ठेवल्या होत्या. उंचावरची तुकडी दुर्बिणीतून दूरवर पाहून, दिसलेला प्राणी जहाजाच्या बाजूने मागे जाईपर्यंत त्याचा माग ठेवी. दुसरी तुकडी तिच्या नोंदींची कल्पना नसताना नुसत्या डोळ्यांनी जवळचे पाणी न्याहाळी. पहिलीने पाहिलेल्यांपैकी किती दुसरीला दिसले, यावरून किती प्राणी हुकतात याचा अंदाज बांधता येतो. न दिसलेल्यांचा असा हिशेब ठेवणारी पद्धत मला या साऱ्या शास्त्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

त्या वर्षी अंदाज आला सुमारे ३,४१,००० पॉरपॉइजचा. २००५ मध्ये तेच सर्वेक्षण पुन्हा झाले, तेव्हा एकूण संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. नकाशा मात्र पार बदलला होता. आधी उत्तर समुद्राच्या वायव्य भागात, स्कॉटलंडच्या बाजूला असलेली दाटी दक्षिणेकडे सरकली होती. भक्ष्य माशांच्या उपलब्धतेतील बदल हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. स्कॉटलंडच्या ईशान्येकडील मोरे फर्थ या खाडीतील बॉटलनोज डॉल्फिनचेही काहीसे असेच झाले: त्यांच्यासाठी तिथे संरक्षित क्षेत्र आखले गेले खरे, पण पराच्या कडेवरील खाचांवरून ओळखलेले तेच डॉल्फिन पुढे दक्षिणेला टे नदीच्या मुखापर्यंत नियमित दिसू लागले. प्राण्यांसाठी रेषा आखताना कोणत्या वर्षांचा नकाशा हाताशी होता, हे म्हणूनच विचारावे लागते.

सील मोजणे त्यामानाने सोपे, कारण ते किनाऱ्यावर येतात. स्कॉटलंडमध्ये हार्बर सीलची मोजणी ऑगस्टमध्ये, केस गळण्याच्या काळात, हेलिकॉप्टरमधील उष्णतादर्शी कॅमेऱ्याने होते. तरीही ही ओट्यावरची माणसे मोजून घरात किती असतील हे ठरवण्याची रीत आहे. त्या वेळी सुमारे ७२ टक्के सील किनाऱ्यावर असतात असे धरून उरलेल्यांचा हिशेब करतात. ते समुद्रात कुठे जातात हे केसांवर चिकटवलेल्या यंत्रांवरून समजते आणि त्यावरून पाच किलोमीटरच्या चौकोनांचे नकाशे बनतात. केस गळले की यंत्रही गळून पडते.

ही मोठी सर्वेक्षणे २०१६ आणि २०२२ मध्येही झाली, तीही उन्हाळ्यातच. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या, की कोकणच्या समुद्रातील डॉल्फिनच्या नोंदी आटणारच. तिकडे तो काळ हिवाळ्याचा. पवनचक्क्यांच्या प्रकल्पांमुळे आता काही भागांवरून विमाने वर्षभर दर महिन्याला छायाचित्रे घेतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीचे चौकोनही थोडे थोडे भरू लागले आहेत. मात्र छायाचित्रात पृष्ठभागाजवळचेच प्राणी उमटतात, आणि गढूळ पाण्यात ते निर्मळ पाण्यापेक्षा कमी दिसतात. म्हणजे न दिसलेल्यांचा हिशेब इथेही नव्याने करावा लागतोच.