अक्षरं येत नाहीत, मग डोळे कसे तपासणार?

"ह्येका अजून अ-आ येना नाय, मगे डोळे कशे तपासतलात?"

हा प्रश्न मी ओपीडीत ऐकते, एसटीत ऐकते, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईकडूनही ऐकते. सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. हुद्दा भारदस्त, काम साधं: डोळे तपासायचे, नंबर काढायचा, आणि आपल्या हातचं नसेल ते ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात धाडायचं. त्याचं उत्तर या वेळी जरा सविस्तर सांगते. कारण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरं एक वाक्य असतं: शाळेत जाऊ दे, वाचायला लागू दे, मग बघू.

भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता नेदरलँड्सच्या हर्मन स्नेलन या डॉक्टरांनी १८६२ साली काढला. त्याची आपल्याला इतकी सवय झालीय की डोळे तपासणं म्हणजे तो तक्ता वाचणं, असंच वाटतं. पण तीन-साडेतीन वर्षांच्या मुलासाठी वेगळा तक्ता असतो. त्यावर चारच चित्रं: सफरचंद, घर, चौकोन, गोल. फिनलंडच्या डॉ. लेआ ह्युवारिनेन यांनी तो १९७६मध्ये तयार केला. नाव सांगता आलं नाही तरी बिघडत नाही, मांडीवरच्या कार्डावर तसंच चित्र बोटाने दाखवलं की झालं. आमच्याकडची पोरं त्या सफरचंदाला सरळ बोंडू, म्हणजे काजूचं फळ, म्हणतात. मला चालतं. दर वेळी बोंडूच म्हणाला म्हणजे पुरे.

आणि चित्रंही कळत नसतील तर?

वर प्रश्न विचारणाऱ्या आजी मासळी विकतात. मांडीवर दोन वर्षांचा नातू, शेजारी सून. सून म्हणाली, फोटोत याचा डोळा कधीकधी आत, नाकाकडे गेल्यासारखा दिसतो. आजींना ते मान्य नव्हतं. "तेका सगळा दिसता. माडार बसलेली घार दिसता तेका!"

मी मोबाइलवर गाडीचं गाणं लावून त्याच्यासमोर धरलं आणि त्याचा उजवा डोळा तळहाताने झाकला. पोरगं शांत, गाडी बघतंय. मग डावा झाकला. त्याने मान वळवली, माझा हात ढकलला, आणि भोकाड पसरलं.

"तेका हात लावलेलो आवडना नाय," आजी म्हणाल्या.

पुन्हा उजवा झाकला. शांत. पुन्हा डावा. भोकाड. तिसऱ्यांदाही तेच. हात आवडत नाही तर तो दोन्ही डोळ्यांवर आवडायला नको ना? हे आधी सुनेला कळलं. ती काही बोलली नाही, फक्त त्याच्या पाठीवर फिरणारा तिचा हात थांबला. माडावरची घार दिसत होती हे खरंच. ती एकटा डावा डोळा बघत होता.

ही तपासणी घरी करता येते. फक्त पोराचं पोट भरलेलं असावं आणि झोप झालेली असावी, नाहीतर ते कुठलाही डोळा झाकला तरी रडणार.

यानंतरचं काम घरचं नाही. खोलीत अंधार करायचा. माझ्या हातात रेटिनोस्कोप, म्हणजे बॅटरीसारखं उपकरण, त्यातून उजेडाची बारीक पट्टी निघते. ती डोळ्याच्या बाहुलीवर टाकली की आतून तांबूस चमक परत येते. पट्टी हलवली की चमकही हलते, कधी पट्टीबरोबर, कधी उलटी. मग डोळ्यापुढे एकेक काच धरत जायचं. ज्या काचेला चमक हलायची थांबते आणि सगळी बाहुली एकदम उजळते, ती काच धरून, मी किती अंतरावर बसलेय त्याचा हिशेब वजा करून, नंबर निघतो. पोराने एक शब्द बोलायचा नाही. क्षणभर माझ्याकडे किंवा आईच्या हातातल्या खुळखुळ्याकडे बघितलं तरी चालतं. सहा महिन्यांच्या बाळाचा नंबरही असाच काढतात.

एक भानगड मात्र आहे. लहान मुलाच्या डोळ्यातले स्नायू इतके तरबेज असतात की मोठा अधिकचा (प्लसचा) नंबरही ते ताण देऊन लपवतात. म्हणून आधी ॲट्रोपिनचं मलम देतो. साधारण तीन दिवस, तांदळाच्या दाण्याएवढं, खालच्या पापणीच्या आत. लावल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं. गाल लाल झाले, तोंड सुकलं, ताप आला तर बंद करून फोन करायचा. बाहुल्या मोठ्या होतात आणि दहा-बारा दिवस तशाच राहतात, उजेड सहन होत नाही. वाळूत खेळायला न्यायचं नाही, टोपी घालायची. आणि मलम लावणाऱ्याने हात धुवायचे. एका आजोबांनी नातीला मलम लावून त्याच बोटाने स्वतःचा डोळा चोळला. दुसऱ्या दिवशी मोतीबिंदू पिकला म्हणून धावत आले!

मासळीवाल्या आजींच्या नातवाचा डावा डोळा निघाला अधिक एक, उजवा अधिक सहा.

आता 'मग बघू'चं उत्तर. बघणं हे डोळ्याचं काम आहेच, पण ते शिकतो मेंदू, आणि शिकतो पहिल्या सात-आठ वर्षांत. एका डोळ्याकडून स्वच्छ चित्र येतंय आणि दुसऱ्याकडून धुरकट, तर मेंदू धुरकटाचा नाद सोडतो. पुढे त्या डोळ्याला कितीही चांगली काच लावा, मेंदूला ते चित्र वाचायची सवयच लागलेली नसते. याला आळशी डोळा म्हणतात. मला हे नाव पटत नाही. ज्याला कधी काम मिळालंच नाही, त्याला आळशी कसं म्हणायचं? आणि पोर तक्रार करत नाही, कारण दोन डोळ्यांनी जग कसं दिसतं हे त्याने कधी बघितलेलंच नसतं. त्याच्या लेखी जग असंच आहे. मोठ्या वयातही उपचार करून बघतो, पण हाती कमी लागतं.

हे मी पुस्तकातून शिकले, तरी माझ्याच हातून एक पोरगी निसटली. शाळा तपासणी होती, साठ मुलं, एक व्हरांडा, एक तक्ता. मुलं रांगेत उभी, पुढचा वाचतोय ते मागचे ऐकतायत. चाळिसाव्या मुलापर्यंत तक्ता सगळ्यांचा पाठ. त्यात ही दुसरीतली. मी म्हटलं, डावा झाक. तिने झाकला, घडाघडा वाचलं. उजवा झाक. झाकला, घडाघडा वाचलं. मी लिहिलं, दोन्ही ६/६, म्हणजे दोन्ही डोळे धड.

दोन वर्षांनी ती आजीजवळ बसून अबोलीचे वळेसार, म्हणजे गजरे, बघत होती. उजव्या डोळ्यात कसलंतरी कुसळ गेलं म्हणून तिने तो मिटला आणि म्हणाली, "फुलं गेली कुठे?" डावा डोळा ६/३६ निघाला. म्हणजे धड डोळ्याला जे ३६ मीटरवरून दिसतं, ते बघायला तिला ६ मीटरवर यावं लागतं. त्या दिवशी तिने बोटं फाकवून बघितलं असणार. लबाडी नव्हे ती, बाई वाचायला सांगतायत तर वाचलं पाहिजे, एवढंच. आईने शाळेचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. त्यावर सही माझी होती. बोलली काहीच नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. चष्मा, पट्टी सगळं केलं, डोळा ६/१८पर्यंत आला आणि तिथे थांबला.

तेव्हापासून माझ्या पिशवीत कापूस आणि कागदी चिकटपट्टी असते. डोळा मी झाकते, पोराच्या हातावर सोडत नाही. बाकीची मुलं दाराबाहेर. ओळ कधी डावीकडून वाचायला लावते, कधी उजवीकडून. वेळ दुप्पट लागतो, मुख्याध्यापक घड्याळ बघतात. बघू देत.

बाकीचं भराभर सांगते. चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर त्याच्या डोळ्याचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासून घ्या. बाळ अगदीच लहान असेल तर त्याच्याही आधी. काचपेटीतून सुटका झाली या आनंदात हे राहून जातं. फ्लॅश मारलेल्या फोटोत बाहुली पांढरी चमकली, तर मुहूर्त बघत बसू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा काही नसतं, पण तो डोळ्यातला कर्करोग असू शकतो आणि तिथे जिवाचा प्रश्न असतो. चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा दिसत असेल तर दाखवा. तिरळं पोर नशीबवान असतं म्हणणाऱ्यांना चहा द्या आणि पोराला आमच्याकडे आणा. उन्हात पोर एकच डोळा मिटत असेल, तर ते नेहमी ऊन लागल्यानेच असतं असं नाही, डोळा तिरळा होऊन बाहेर, कानाकडे सरकत असेल तरीही मुलं तसं करतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे सहज दिसेल, फक्त बघायला हवं. काजळ नको, अंगावरच्या दुधाचे थेंबही डोळ्यात नकोत.

अ जीवनसत्त्वाचे डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतात, ते चुकवू नका. रातांधळेपणाला ते लागतंच. पण गाजरं खाऊन, नाहीतर मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाने नंबर उतरत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हेही खोटं. पोर वाढतं, डोळा वाढतो, म्हणून नंबर बदलतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच कोकणपट्टीत, पालघरला सुरू झाला. पण त्या दिवशी इंजेक्शन देतील या भीतीने पोरांना घरी ठेवणाऱ्या आया मला माहीत आहेत. तीन वर्षांचं झाल्यावर एकदा आणि पहिलीत घालण्याआधी एकदा, काही तक्रार नसली तरी डोळे दाखवाच.

आजींच्या नातवाला चष्मा मिळाला, मागून इलॅस्टिकचा पट्टा लावलेला. शिवाय रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. पहिले पंधरा दिवस घरात युद्ध. तो पट्टी ओढून काढायचा, सून रडायची. मग आजींनीच युक्ती काढली. बाजारातून आल्या की त्याला खळ्यात घेऊन बसायच्या, सुपात चिंचोके आणि शिंपले मिसळायच्या आणि वेगळे करायला लावायच्या. हाताला काम असलं की तो पट्टी विसरायचा. चार महिन्यांनी तपासायला आणलं तेव्हा मी डावा डोळा झाकला. त्याने हात ढकलला, तेवढी तक्रार केलीच. पण मग मान तिरकी करून मोबाइलवरची गाडी शोधली, आणि बघत बसला.

मी कार्ड लिहीत होते. बाहेर बाकावर कोणीतरी तोच प्रश्न विचारला, बाळाला अजून बोलताही येत नाही, मॅडम तपासणार काय? मी उठायच्या आत आजींचा आवाज आला, "अक्षरा कित्याक व्हयी गे? असो हात ठेवन बघ!" आणि त्यांनी त्या परक्या बाळाच्या डोळ्याकडे हात नेलाही.

"आजी, आधी हात धुवा!" मी आतून ओरडले. सकाळची टोपली विकून त्या थेट आल्या होत्या.