नारंगी रेणू आणि हरवलेलं तांबं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मातीतून वेगळा केलेला एक स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू माझ्या वाट्याला आला. डिशवर त्याची वाढ खडूच्या भुकटीसारखी दिसायची. झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास यायचा; तो वास जिओस्मिनचा, आणि मातीतलं ते जिओस्मिन बरंचसं हेच जीवाणू तयार करतात. आठवडाभरात त्याच्या खालची अगारची जेली नारंगी होत जायची. स्टॅफिलोकॉकस या रोगकारक जीवाणूच्या डिशवर त्याच्या अर्काची चकती ठेवली, तर भोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं, म्हणजे तिथे तो वाढलाच नाही. नवं अँटिबायोटिक हाती लागलंय अशी माझी खात्रीच झाली.

पुढचे अकरा महिने त्याच्यामागेच गेले. पोषक द्रवात जीवाणू लिटरच्या लिटर वाढवायचा, इथाइल ॲसिटेटमध्ये अर्क काढायचा, घटक वेगळे करायला सिलिकाच्या नळीवर, म्हणजे कॉलमवर, चढवायचा आणि बाहेर येणारा प्रत्येक भाग पुन्हा चकतीवर तपासायचा. कॉलममधून नारंगी पट्टा इंच इंच खाली सरकत असे तेव्हा जेवायलाही उठवत नसे. शेवटी कुपीच्या तळाशी १४ मिलिग्रॅम पावडर उरली.

रेणूचं वजन सांगणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये १२५५.६ ला शिखर आलं, आणि शेजारी १२७७.६ ला सोडियमसकटचं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कागद हातात घेतला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि विचारलं, "दृश्य प्रकाशात शोषण कुठे आहे?" मी म्हटलं, ४४३ नॅनोमीटरला. "अगं, हे ॲक्टिनोमायसिन डी आहे."

वाक्समन आणि वुडरफ यांनी १९४० मध्येच ॲक्टिनोमायसिन वेगळं केलं होतं. ॲक्टिनोमायसिन डी तर कॅन्सरवर औषध म्हणून वापरतात, आणि ते अत्यंत विषारी आहे. फाटके हातमोजे घालून काम केलेले दिवस आठवले आणि पोटात गोळा आला. ओळखीचाच रेणू पुन्हा सापडणं या क्षेत्रात नेहमीचं आहे, पण आपल्यावर येतं तेव्हा रडू येतंच. आता मी विद्यार्थ्यांना कच्च्या अर्काचंच मास आणि प्रकाशशोषण आधी तपासायला लावते. कॉलम नंतर.

मॅडमनी मात्र रेणूचं चित्र माझ्यापुढे सरकवलं. मधे तीन कड्यांचा नारंगी गाभा आणि त्याला लटकलेली पाच-पाच अमिनो आम्लांची दोन वलयं. जीवाणू आधी अर्धा भाग बनवतो, मग दोन अर्धे जोडतो, आणि नारंगी रंग येतो तो या जोडणीत. त्या म्हणाल्या, "हे जोडतं कोण, ते बघ."

अशी जोडणी करू शकणारं फिनॉक्साझिनोन सिंथेज हे तांबं असलेलं एन्झाइम स्ट्रेप्टोमायसिसमधूनच माहीत झालेलं होतं. ते २-अमिनोफिनॉलचे दोन रेणू जोडतं, त्यांतून सहा इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देतं, आणि रंगहीन द्रावण नारंगी होतं. या एन्झाइमच्या जीनच्या प्रती काढणं त्रासाचं गेलं, कारण या जीवाणूंच्या डीएनएत जी आणि सी यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर असतं. प्रती काढणाऱ्या पीसीआरमध्ये डीएमएसओ हे द्रावक घातल्यावर जमलं. मग ते जीन ई. कोलाय जीवाणूत घालून प्रोटीन बनवलं: ३७ अंशांना सगळं प्रोटीन गोळा होऊन तळाशी बसलं, १६ अंशांना रात्रभर ठेवल्यावर विरघळलेलं मिळालं. निकेल कॉलमवर ते शुद्ध केलं, आणि तपासणीच्या जेलवर एकच सुरेख पट्टा आला. पण एन्झाइम मेलेलं! कॉपर सल्फेट घातलं तरी ढिम्म.

तीन आठवडे मी जीनमध्येच चूक शोधत बसले. मग एका संध्याकाळी, शुद्ध प्रोटीन ज्यात ठेवत होते त्या डायलिसिस बफरच्या बाटलीवरचं माझंच अक्षर वाचलं: ईडीटीए, १ मिलिमोलर. प्रोटीन तोडणारी प्रोटीएज एन्झाइमं थोपवायला सवयीने घातलेलं ते. ईडीटीए धातू घट्ट पकडून ठेवतं. मी घालत होते ०.५ मिलिमोलर तांबं, म्हणजे एन्झाइमपर्यंत ते पोचतच नव्हतं.

बफर नव्याने केला, ईडीटीए पूर्ण काढलं, रात्रभर तांबं दिलं. नंतर जास्तीचं तांबंही धुऊन टाकलं, कारण मोकळं तांबं अमिनोफिनॉलला स्वतःच हळूहळू रंगवतं आणि आपण फसतो. सकाळी घट्ट केलेल्या प्रोटीनला फिकट निळी झाक होती. दोन नळ्या घेतल्या, एकीत उकळलेलं एन्झाइम, दुसरीत ताजं. दोन्हींत अमिनोफिनॉल घातलं आणि घड्याळ लावलं. दोन मिनिटांत दुसरी नळी नारंगी झाली, पहिली पाण्यासारखीच राहिली. मी नळ्या हातात धरूनच मॅडमच्या खोलीकडे पळाले.