आमची वाटचाल: जानोरीच्या पोल्ट्री शेडमधून

भेटायला आलेला माणूस चहा संपायच्या आत विचारतोच, "मॅडम, पिकांच्या जैविक औषधांची कंपनी आणि इथे नाशिकजवळच्या जानोरीत? पुण्याला का नाही? हैदराबादला तर अशा कंपन्यांची अख्खी जिनोम व्हॅली आहे." 2004 साली कर्ज मागायला गेले तेव्हा बँकेतल्या साहेबांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. कर्जही मिळालं नाही.

खरं कारण एवढंच की दिरांची बंद पडलेली पोल्ट्री शेड फुकट मिळाली. मी आणि माझी वर्गमैत्रीण, दोघी मायक्रोबायॉलॉजीच्या एम.एस्सी. शेडला तीनदा चुना मारला, तरी पहिल्या पावसाळ्यात कोंबडखताचा वास उठलाच. भांडवल म्हणजे एक सेकंडहँड उभा ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं), सुताराकडून करून घेतलेलं लॅमिनार (गाळलेल्या हवेचं कपाट) आणि उकडलेल्या ज्वारीच्या पिशव्या. ज्वारीवर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशींना मारणारी आमची उपयोगी बुरशी, आधी पांढरी पसरते, मग हिरवी होते. पिशवी फोडली की हात, भुवया, ओढणी, सगळं हिरवं. घरी सासूबाई म्हणायच्या, रंगपंचमी एकदा असते, तुमची रोजची!

आमचं वाण कुठल्या संग्रहातून आणलेलं नाही. आमचे पहिले गिऱ्हाईक आप्पा, त्यांच्या थॉमसन द्राक्षाच्या बागेत वेलींच्या मुळांजवळची माती उकरून आणली, तिच्यातून ते वेगळं केलं. चुनखडीची काळी जमीन, सामू (पीएच) आठच्या वर, मे महिन्याचं ऊन. तिथे जे जगलं ते आमच्या कामाचं.

आप्पांबद्दल लिहायलाच हवं. पहिली दोन किलोची पिशवी त्यांनीच घेतली, पण पैसे दिले नाहीत. घरी जाऊन लोणच्याच्या बरणीत शिजवलेला भात भरला, वर आमची चमचाभर पावडर टाकली, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी खिडकीत ठेवली. पाच-सहा दिवसांनी भात हिरवा झाला, मग पैसे आले. तेव्हापासून प्रत्येक लॉटची बरणी लागते. ग्रॅममागे 20 लाख जिवंत बीजाणू हवेत हा सरकारी निकष आम्ही प्लेटवर, म्हणजे काचेच्या बशीत बुरशी वाढवून मोजतो. आप्पा बरणीत बघतात.

2006 च्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर आप्पा बरणी घेऊन गेटवर उभे. भात काळा. "ताई, हे काय उगवलंय?" ती ॲस्परजिलस होती, भलतीच काळी बुरशी. मी आत जाऊन त्या लॉटची प्लेट काढली, तर तिथेही काळे ठिपके. निघताना आम्ही पाहिलेच नव्हते, कारण माल घाईत गेला होता. त्या वर्षी लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता. ऑटोक्लेव्ह मध्येच बंद पडला. वीज आल्यावर पोराने उरलेली मिनिटं तेवढी भरून काढली. पिशव्या ठासून भरलेल्या, त्यामुळे मधल्या ज्वारीपर्यंत वाफ पोहोचलीच नाही. तापमान दाखवणाऱ्या टेपवरच्या रेघा मात्र छान काळ्या झाल्या होत्या. 1,400 किलो माल गावोगाव फिरून परत आणला आणि पैसे फेडायला पुढचे दोन हंगाम गेले. नव्याने सुरू करणाऱ्या पोरांना सांगते, मोठा फर्मेंटर (बुरशी वाढवायची टाकी) नंतर घ्या, आधी जनरेटर घ्या. टेपवर जाऊ नका, मधली पिशवी फोडून बघा. आणि वीज गेली तर घड्याळ पुन्हा शून्यावर: 121 अंश, 15 पौंड, सगळं पहिल्यापासून.

हा घाव आमचाच होता, म्हणून तो भरला. दुसरा भरत नाही.

2010 ला युरोपात गेलेल्या द्राक्षात सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला, कंटेनर अडकले आणि बागायतदार पार झोपले. त्यानंतर जो तो रेसिड्यू-फ्री, म्हणजे औषधाचा अंश नसलेला माल मागू लागला. आम्हाला वाटलं, आता आपले दिवस आले. दिवस आले ते बाटलीवाल्यांचे. कंपनीचं नाव लिहीत नाही. 'हर्बल अर्क', भुरी रोगावर तिसऱ्या दिवशी घड स्वच्छ. जैविक औषध असं तिसऱ्या दिवशी हात फिरवत नाही, हे या धंद्यातल्या कोणालाही कळतं. दुकानदारांनाही कळत होतं. पण त्यांना बँकॉकची सहल होती आणि आमच्याकडे फार तर डायरी-कॅलेंडर. "ताई, तुमचं औषध हळू आहे हो," म्हणत त्यांनी नऊ क्विंटल माल परत पाठवला. मैत्रीण पुण्याला औषध कंपनीत गेली. तिला दोष नाही, तिची मुलं लहान होती. त्या दिवाळीला कामगारांचा बोनस द्यायला माझ्या बांगड्या पतसंस्थेत गेल्या.

आणि आप्पांनीही ती बाटली अर्ध्या एकरावर मारली होती. हे त्यांनी स्वतः सांगितलं, द्राक्षांचा लॅब रिपोर्ट आल्यावर. रिपोर्टात हेक्झाकोनॅझोल, रासायनिक बुरशीनाशक. फवारणीच्या डायरीत त्या हंगामात हेक्झा एकदाही नाही. माल लोकल बाजारात पडेल त्या भावाने गेला. आप्पांनी सील न फोडलेली एक बाटली स्वखर्चाने लॅबला पाठवली. अर्कात तेच निघालं. पुढच्या चर्चासत्रात प्रश्नोत्तरांच्या वेळी ते उठले आणि दोन्ही रिपोर्ट मोठ्याने वाचले. पुढच्या रांगेतले दुकानदार एकेक करून चहाला बाहेर गेले. मीही लेखी तक्रार केली होती. तिची पोच आहे माझ्याकडे, अजून जपून ठेवली आहे. पोचेपलीकडे काही आलं नाही. तोच सेल्समन आता दुसऱ्या लेबलाच्या बाटल्या विकतो आणि रस्त्यात भेटला की नमस्कार करतो.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. गारपिटीची 2014 आणि लॉकडाऊनची 2020 धरूनही बरी. माणसं वाढली, केंद्रीय कीटकनाशक मंडळाची नोंदणी झाली, बांगड्या सुटल्या.

तर, इथेच का? आता उत्तर सुचतं. दिंडोरी, निफाडचा बागायतदार घडामागे मणी मोजतो. त्याच्या बागेत आमचं काही चुकलं तर तो अर्ध्या तासात गेटवर असतो. पुण्याच्या काचेच्या इमारतीत ती काळी बरणी मला कोणी आणून दिली असती? तक्रारी आहेतच: इथं मायक्रो शिकलेली पोरं दोन वर्षांत पुणं गाठतात, आणि वीज अजूनही जाते. (जाता जाता: आमचं ट्रायकोडर्मा बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या पंपात मिसळू नका. मोरचूद बुरशीला मारतं आणि ट्रायकोडर्मा बुरशीच आहे. दर छाटणीला कोणीतरी हेच करतं आणि मग फोन करतं.)

आप्पा आता थकलेत, बाग मुलगा बघतो. मागच्या आठवड्यात त्याने बरणीचा फोटो पाठवला: भात पांढरा, हिरवं काहीच नाही. मी स्कूटर काढली. चार किलोमीटरच आहे. फडकं सोडून वास घेतला, भिंगातून बघितलं. नुसती कोवळी बुरशी होती, हिरवी व्हायची बाकी. "दोन दिवस थांबा," म्हटलं.

आतल्या खाटेवरून आप्पा म्हणाले, "थांबतो की. बिलही तवाच."