बेस शून्य, ट्रेबल शून्य

"सर, मेटल ऐका ना!" गिटारचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, घ्यायला गेलो होतो. धोबीतलावच्या दुकानातला पोरगा त्यावर इफेक्टांवर इफेक्ट लावत होता. मला हवा होता एकच आवाज. जॅझचा, स्वच्छ, गोलसर.

तारा घ्यायला आलेले एक काका पुढे सरकले. नेक पिकअप (तारांचा आवाज टिपणारा, गिटारच्या मानेजवळचा) लावला, गिटारचा टोनचा नॉब निम्म्यावर आणला. अँपवर बेस (खालचे सूर) शून्य, ट्रेबल (वरचे सूर) शून्य, मिड (मधले सूर) पूर्ण. "वाजव आता."

तोच २० वॉटचा स्वस्तातला ट्रान्झिस्टरचा डबा. पण सूर असा भरून आला की पोरगाही गप्प. फेंडर कंपनीच्या छापाच्या सर्किटमध्ये मिडला मुळातच खड्डा असतो, म्हणजे मधले सूर दबलेले असतात, तो असा भरतो म्हणे.

जॅझवाले ज्यावर जीव टाकतात तो १९७५चा रोलंड जॅझ कोरस अँपही ट्रान्झिस्टरचाच. आणि मी वेडा ट्यूब अँपसाठी (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) दोन वर्षं पैसे साठवतोय!

घेतला. आता दादरच्या दहा बाय बाराच्या खोलीत व्हॉल्यूम दोनच्या पुढे कधी जाणार, शेजारच्या काकूंना कोण विचारणार?